मरत मरत शिकण्याचा खेळ: जुना आडवा शूटर एका क्रेडिटमध्ये कसा पूर्ण करावा

‘आर-टाइप’ हा आडवा शूटर, म्हणजे आडव्या सरकणाऱ्या स्क्रीनवर यान चालवत शत्रूंवर गोळ्या झाडण्याचा व्हिडिओ गेम. तो पहिल्यांदा खेळायला बसलेल्या माणसाची तिन्ही याने पहिला बॉस (स्टेजच्या शेवटचा मोठा शत्रू) दिसण्याआधीच नष्ट होतात, आणि त्यात त्याचे काहीही चुकलेले नसते. एका गोळीत यान संपते, भिंतीला घासले तरी संपते, आणि पुन्हा सुरुवात मागच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे वाटेतल्या ठरावीक टप्प्यापासून, हातातली सगळी शस्त्रे गमावून करावी लागते. हा गेम आवडलेल्या लोकांना इतका का आवडतो हे बाहेरून कळणे कठीण असते, कारण त्याचे आकर्षण पहिल्या बैठकीत दिसतच नाही. काल जिथे श्वास घ्यायला फुरसत नव्हती तिथून आज आपण शांतपणे, जवळजवळ कंटाळल्यासारखे पार झालो, हे लक्षात येते त्या दिवशी ते दिसते. तो दिवस नुसत्या चिकाटीने नव्हे, तर पद्धतशीर सरावाने लवकर कसा आणता येईल, आणि एका क्रेडिटमध्ये, म्हणजे एका नाण्याच्या डावात, गेम कसा पूर्ण करता येईल, हे या लेखात सविस्तर मांडले आहे.

गेम नेमके काय तपासतो

कोनामीचा ‘स्क्रॅम्बल’ १९८१ मध्ये आला, त्याच कंपनीचा ‘ग्रेडियस’ १९८५ मध्ये आणि आयरेमचा ‘आर-टाइप’ १९८७ मध्ये. हे सर्व आर्केडमधील नाणे टाकून खेळायचे गेम होते, त्यामुळे खेळाडू फार वेळ टिकू नये यात यंत्र चालवणाऱ्याचा उघड फायदा होता. तरीही त्यातल्या चांगल्या गेमनी एक सचोटी पाळली: शत्रू प्रत्येक वेळी त्याच ठिकाणाहून, त्याच क्रमाने येतात. स्क्रीन आपोआप पुढे सरकत असते, तुम्हाला थांबता येत नाही, परंतु पुढे काय आहे हे एकदा पाहिले की ते बदलत नाही. शत्रूची गोळी मात्र बहुतेक वेळा त्या क्षणी तुम्ही जिथे असाल त्या दिशेने सुटते, म्हणून तुम्ही दर वेळी त्याच जागी उभे राहिलात तर गोळ्याही जवळपास त्याच जागी येतात.

या एका गोष्टीवर पुढचे सगळे उभे आहे. असे गेम चपळ बोटांचे आहेत हा समज अर्धाच खरा आहे. ते मुख्यतः स्मरणशक्तीचे आणि जागा निवडण्याचे गेम आहेत. मराठीत घोकंपट्टी हा शब्द कौतुकाने वापरला जात नाही, पण येथे घोकलेल्याचे रूपांतर हळूहळू समजुतीत होते, आणि माझ्या मते या गेमची खरी गोडी त्या रूपांतरातच आहे.

कोणता गेम निवडावा

सुरुवातीला एकच गेम निवडावा आणि तो पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये. ज्याला मुळात हा प्रकार मानवतो का हे पाहायचे आहे, त्याने मेगा ड्राइव्हवरील (सेगाच्या घरगुती गेम यंत्रावरील) ‘थंडर फोर्स ३’ (१९९०) घ्यावा. त्यात यान नष्ट झाल्यावर त्याच जागी खेळ पुढे चालू राहतो, मात्र त्या क्षणी वापरात असलेले शस्त्र जाते, आणि यानाचा वेग बटणाने कमी-जास्त करता येतो. ज्याला शिस्त शिकायची आहे त्याने ‘आर-टाइप’ घ्यावा, कारण त्यात आठच स्टेज आहेत आणि प्रत्येक स्टेज एखाद्या कोड्यासारखी बांधलेली आहे. ‘ग्रेडियस’ या दोघांच्या मधला म्हणता येईल, मात्र त्याची शस्त्रपद्धती समजून घ्यावी लागते. आर्केडवरील ‘ग्रेडियस ३’ (१९८९) मात्र सुरुवातीला घेऊ नये. त्याची कठोरता अनुभवी खेळाडूंनाही जेरीस आणते.

आवृत्तीचाही विचार करावा. यांपैकी बरेच गेम आजच्या यंत्रांवर अधिकृतपणे उपलब्ध आहेत. उदाहरणार्थ, २०१९ मध्ये आलेल्या कोनामीच्या आर्केड संग्रहात ‘ग्रेडियस’ (‘नेमेसिस’ या त्याच्या परदेशी नावाने) आहे आणि त्यात खेळ मध्येच जतन करून ठेवण्याची सोय आहे. सरावासाठी ही सोय अत्यावश्यक आहे. ती का आणि कशी वापरावी हे पुढे येईलच.

बसण्याआधीची तयारी

पहिल्या आठवड्यात मी एक चूक केली होती: मी स्वतःला मंद समजत होतो, आणि दोष खरे तर टीव्हीचा होता. आजचे टीव्ही चित्र सुंदर दिसावे म्हणून त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात वेळ जातो. हे गेम सेकंदाला साठच्या आसपास चित्रे दाखवतात, म्हणजे एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. टीव्हीने सहा चित्रांचा उशीर लावला तर बटण दाबल्यापासून यान हलेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग निघून जातो, आणि एवढ्या वेळात गोळी यानाला गाठते. म्हणून सर्वप्रथम टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड सुरू करावा. चित्र चार-तीन प्रमाणातच ठेवावे. ते ताणून स्क्रीनभर पसरवले तर आडव्या आणि उभ्या अंतरांचा अंदाज कायम चुकत राहतो.

कंट्रोलर वायरचा असल्यास उत्तम. कोणते बटण कोणत्या बोटाखाली असावे हे एकदा ठरवून कायम ठेवावे. ऑटोफायर (बटण दाबून धरले की गोळ्या आपोआप सुटत राहण्याची सोय) असल्यास ‘ग्रेडियस’मध्ये तो जरूर वापरावा, अंगठ्याला त्रास देण्यात काही पराक्रम नाही. ‘आर-टाइप’मध्ये मात्र विचार करावा लागतो: तिथे गोळीचे बटण दाबून धरले की स्क्रीनच्या तळाशी असलेली बीमची पट्टी भरते आणि सोडल्यावर मोठा झोत सुटतो, त्यामुळे साधी गोळी आणि बीम यांची बटणे वेगळी करता आली तरच ऑटोफायर उपयोगाचा ठरतो.

आधी यान ओळखा

पहिले दोन-तीन डाव जिंकण्यासाठी खेळूच नयेत. यान वर, खाली, भिंतीच्या जवळ नेऊन पाहावे आणि त्याचा नेमका कोणता भाग आदळल्यावर ते नष्ट होते याचा अंदाज घ्यावा. नवशिका खेळाडू यानाच्या नाकाकडे पाहतो आणि शेपटीमुळे मरतो. नजर कुठे ठेवायची हेही याच वेळी ठरवावे. यानावर नजर खिळवून ठेवणे ही सर्वांचीच पहिली सवय असते आणि ती मोडावी लागते. नजर यानाच्या थोडी पुढे, स्क्रीनच्या मध्यापाशी असावी आणि यान डोळ्याच्या कडेने दिसत राहावे.

वेगाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण बहुतेक जण इथेच फसतात. वेग वाढवणारी वस्तू दिसली की घ्यायची, असा मोह होतो. पण वेगवान यान अरुंद बोगद्यात स्वतःहून भिंतीवर आदळते. ‘ग्रेडियस’मध्ये वेगाच्या दोन पायऱ्या मला पुरेशा वाटतात, तीन घेणारे कुशल खेळाडू आहेत, पण त्यांचे हात तयार आहेत. ‘आर-टाइप’मध्ये वेगाची वस्तू यानाने स्पर्श करताच लागू होते, म्हणून नको असेल तेव्हा तिला चुकवून जाणे हाही सरावाचाच भाग मानावा.

पहिली स्टेज, अगदी जवळून

‘आर-टाइप’ची पहिली स्टेज उदाहरणादाखल घेऊ, कारण पुढचा सारा गेम तिच्यात लहान आकारात दडलेला आहे. सुरुवातीला लहान शत्रूंच्या रांगा नागमोडी येतात. त्यानंतर वस्तू वाहून नेणारे एक छोटे यंत्र दिसते. ते फोडले की मिळणाऱ्या वस्तूमुळे ‘फोर्स’ नावाचा गोळा तुमच्याकडे येतो. हा फोर्स म्हणजे या गेमचा प्राण आहे. तो स्वतः कधीच नष्ट होत नाही, शत्रूच्या गोळ्या अडवतो, यानाच्या पुढे किंवा मागे जोडता येतो, आणि सोडून दिला तर दूर जाऊन एकटा लढतो. नवशिके त्याला बंदूक समजतात. तो आधी ढाल आहे आणि मग बंदूक. रंगीत स्फटिकांनुसार त्याची किरणे बदलतात: निळी भिंतीवरून परावर्तित होतात, पिवळी जमिनीला आणि छताला चिकटून सरपटत जातात आणि लाल समोर जोरदार मारा करतात. पहिल्या स्टेजमध्ये कोणता रंग घ्यायचा यावर चर्चा करण्यापेक्षा एकच रंग निवडून प्रत्येक डावात तोच घ्यावा, म्हणजे बाकीचे सर्व स्थिर राहते.

स्टेजच्या मध्याला तोफा बसवलेले एक प्रचंड फिरते वर्तुळ येते. पहिल्यांदा पाहणारा मागे सरतो आणि कोपऱ्यात सापडतो. इथे करायचे काम उलटे आहे: फोर्स पुढे जोडून वर्तुळाकडे जावे, समोर येणाऱ्या तोफा फोडून वाट मोकळी करावी आणि वर्तुळाच्या आत शिरून उरलेल्या तोफा टिपाव्यात. सुरक्षित जागा शत्रूपासून दूर नव्हे, कधीकधी त्याच्या पोटात असते, हा धडा गेम येथे पहिल्यांदा देतो.

शेवटी डोबकेराटॉप्स नावाचा तो प्रसिद्ध बॉस येतो, समोर डोलणारी शेपटी आणि पोटातून बाहेर डोकावणारे दुसरे तोंड घेऊन. मारा फक्त त्या पोटातल्या तोंडावर लागू पडतो. शेपटी कशी डोलते ते एका डावात काहीही न करता नुसते पाहावे. नंतर फोर्स नेमका त्या तोंडाच्या रेषेत सोडावा, तो तिथे रुतून मारा करत राहतो, आणि तेवढ्यात आपण बीम भरून त्याच जागी मारावा. दोन-तीन डावांनंतर हा बॉस इतक्या लवकर मरू लागतो की सुरुवातीला त्याची भीती वाटली होती याचे हसू येते.

वही ठेवा

खेळताना शेजारी एक वही ठेवावी, ही सूचना पुष्कळांना अतिरेकी वाटते. मलाही वाटली होती. परंतु मृत्यू झाल्याच्या क्षणी त्याचे कारण आपल्याला माहीत असते आणि पुढच्या दहा सेकंदांत ते पुसले जाते, हे मी स्वतःवर तपासून पाहिले आहे. नोंद लहान असावी आणि तिच्यात तक्रार नसावी, सूचना असावी. ‘इथे फार गोळ्या आहेत’ ही नोंद निरुपयोगी. ‘तिसरी रांग येण्याआधी खालच्या कडेला, फोर्स मागे’ ही उपयोगी. माझ्या वहीत सहाव्या स्टेजसाठी दोन पाने भरली होती, कारण त्या स्टेजमध्ये चौकोनी डबे ठरावीक मार्गाने बोगद्यांतून सरकतात आणि नुसत्या प्रतिक्रियेवर तिथून निभावणे फार कठीण जाते. चौकोन काढून, बाण काढून, कोणता डबा कोणत्या वळणावर कुठे जातो हे लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी वही न पाहताच ते बोगदे पार झाले. लिहिण्यामुळेच पाठ झाले होते.

प्रत्येक मृत्यूचे तीनपैकी एक कारण असते: पुढे काय येणार हे माहीत नव्हते, माहीत होते पण उपाय चुकीचा होता, किंवा उपाय बरोबर असूनही हात चुकला. पहिल्याला पुन्हा पाहणे हा उपाय, दुसऱ्याला जागा बदलणे, आणि फक्त तिसऱ्याला तीच कृती वारंवार करणे. बहुतेक लोक तिन्ही प्रकारांना तिसराच उपाय लावतात आणि म्हणून वैतागतात.

जतन करण्याची सोय कशी वापरावी

खेळ मध्येच जतन करून तिथूनच पुन्हा पुन्हा सुरू करणे ही फसवणूक आहे असे मानणारे खेळाडू आहेत. सरावात ती वापरणे मला पूर्ण योग्य वाटते. शेवटच्या प्रयत्नात ती वापरू नये, एवढीच मर्यादा. एका स्टेजचे तीन-चार तुकडे करावेत, अवघड तुकड्याच्या काही सेकंद आधी जतन करावे, आणि तो तुकडा सलग तीन वेळा पार झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकदा पार होणे योगायोग असू शकतो.

येथे एक सापळा आहे. खेळाडू नकळत सगळी शस्त्रे हाताशी असतानाच जतन करतो आणि सराव त्याच अवस्थेचा होतो. प्रत्यक्ष डावात तो त्या ठिकाणी एक शस्त्र कमी घेऊन पोहोचतो आणि सगळे ओळखीचे अनोळखी होते. म्हणून प्रत्येक अवघड जागेसाठी दोन जतने ठेवावीत: एक पूर्ण सज्ज, दुसरे रिकाम्या हाताने.

‘ग्रेडियस’चा हिशोब

‘ग्रेडियस’मध्ये शस्त्रे आपोआप मिळत नाहीत, विकत घ्यावी लागतात, आणि चलन म्हणजे लाल कॅप्सूल. प्रत्येक कॅप्सूलमागे तळाच्या पट्टीवरील खूण एक घर पुढे सरकते: वेग, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन आणि ढाल, अशी सहा घरे. हव्या त्या घरावर खूण असताना बटण दाबले की ते शस्त्र मिळते आणि खूण निघून जाते. म्हणजे वेगाची किंमत एक, मिसाइलची दोन, लेझरची चार आणि ऑप्शनची पाच कॅप्सूल. वेगाच्या दोन पायऱ्या, मिसाइल, लेझर आणि दोन ऑप्शन एवढे घ्यायचे तर अठरा कॅप्सूल लागतात. कॅप्सूल कोणते शत्रू देतात हे ठरलेले असल्याने पहिल्या स्टेजमध्ये त्यांची मोजदाद करून क्रम आधीच ठरवता येतो. माझा क्रम वेग, मिसाइल, ऑप्शन, दुसरा वेग, दुसरा ऑप्शन आणि मग लेझर असा आहे; लेझर आधी घेणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. निळी कॅप्सूल मात्र खूण सरकवत नाही, ती स्क्रीनवरील शत्रू साफ करते, त्यामुळे ती गर्दीच्या जागेपर्यंत न घेता लांबवता आली तर लांबवावी.

ऑप्शन म्हणजे यानामागून येणारे चमकते गोळे, आणि त्यांचा वापर हीच या गेममधली खरी कला. ते यानाने काढलेल्या मार्गावरूनच चालतात आणि यान थांबले की तेही जिथे असतील तिथे थांबतात. त्यामुळे यान वरून खाली सरळ आणून थांबवले तर ऑप्शन उभ्या रेषेत पसरतात आणि अर्ध्या स्क्रीनवर मारा होतो. तिसऱ्या स्टेजमधील मोआई पुतळे तोंडातून कड्या सोडतात आणि त्यांचे तोंड उघडे असतानाच मारा लागतो. तिथे ऑप्शन अशा रीतीने वर-खाली पसरवून ठेवले की एकाच वेळी दोन पुतळ्यांच्या तोंडांवर मारा होतो आणि यान मधल्या मोकळ्या पट्टीत सुरक्षित राहते.

मेल्यानंतरचा खेळ

या प्रकारातली सर्वांत कठोर गोष्ट म्हणजे एक मृत्यू पुढचे दोन घेऊन येतो. शस्त्रे गेलेली, वेग शून्य, आणि चेकपॉइंट नेमका गर्दीच्या तोंडावर. पूर्ण सज्ज असताना चांगला खेळणारा माणूस एका चुकीनंतर कोसळतो, त्याला खेळाडूंमध्ये ‘ग्रेडियस सिंड्रोम’ असे नावच पडले आहे. यावर उपाय एकच: प्रत्येक चेकपॉइंटपासून रिकाम्या हाताने बाहेर पडण्याचा मार्ग स्वतंत्रपणे शिकणे. हा सराव रुक्ष असतो आणि बहुतेक जण तो टाळतात, पण शेवटचा प्रयत्न यशस्वी होईल की नाही हे त्यावरच ठरते. तिथे पहिले लक्ष्य शत्रू मारणे हे नसते. पहिली वस्तू कुठून मिळेल आणि तोपर्यंत कोणत्या जागी जिवंत राहता येईल, एवढेच पाहायचे असते.

जाता जाता सांगायला हरकत नाही की ‘ग्रेडियस’ची फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावरील आवृत्ती (१९८६) तयार करताना काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःलाच तो तपासण्यासाठी फार अवघड वाटला, म्हणून त्यांनी खेळ थांबवून दाबायची बटणांची एक मालिका त्यात ठेवली, जिने बहुतेक शस्त्रे एकदम मिळतात. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए ही ती जगप्रसिद्ध मालिका. गेम घडवणाऱ्यांवर ही वेळ आली असेल तर आपण पंधराव्या प्रयत्नात हरलो म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही.

पूर्ण डाव

सर्व स्टेज तुकड्यांमध्ये येऊ लागल्या की जतन करणे बंद करून सुरुवातीपासून डाव खेळावेत. एका बैठकीत दोन किंवा तीन पूर्ण डाव पुरेत. ‘आर-टाइप’ची एक फेरी साधारण अर्ध्या तासाची आहे आणि तेवढा वेळ एकाग्र राहणे थकवणारे असते. तोच तुकडा आदल्या दिवशी जमत होता आणि आज सलग तीनदा चुकला, तर बंद करावे. झोपेनंतर हात सुधारलेले आढळतात, हा माझा वारंवार आलेला अनुभव आहे.

पहिल्या स्टेजमध्ये यान गेले म्हणून डाव लगेच रद्द करून पुन्हा सुरू करण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. तिच्यामुळे पहिली स्टेज शेकडो वेळा खेळली जाते, सातवी मोजकीच वेळा, आणि शेवटच्या स्टेजवर पोहोचल्यावर हात थरथरतात, कारण तिथे उभे राहण्याची सवयच नसते. बिघडलेला डावही शक्य तितका पुढे न्यावा. माझा पहिला पूर्ण डाव असाच होता: दुसऱ्या स्टेजमध्येच एक यान गेलेले, मन उतरलेले, आणि कदाचित म्हणूनच हात सैल राहिलेले.

‘आर-टाइप’च्या आठव्या स्टेजनंतर समाप्तीचे दृश्य येते आणि लगेच पहिली स्टेज पुन्हा सुरू होते, फक्त या फेरीत शत्रू अधिक आक्रमक असतात. कंट्रोलर तेव्हा खाली ठेवू नये. उरलेल्या यानांवर ही दुसरी फेरी जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत खेळावी, आणि पहिला मृत्यू कुठे झाला ते वहीत नव्या पानावर लिहावे.